सल्ला : नॅसकारचा क्रू चीफ व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

पत्र : मी मूळचा कोल्हापूरचा, पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. कॉलेजच्या बाहा टीममध्ये (बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) मी सस्पेन्शन बघतो. दोन वर्षांपासून नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कारच्या, शर्यती बघतोय आणि मला ड्रायव्हर नाही, क्रू चीफ व्हायचंय. अमेरिकेत एमएस करू की थेट तिथल्या मेकॅनिकच्या कोर्सला जाऊ? घरचे म्हणतात, आधी इथे नोकरी धर. हे जमण्यासारखं आहे का? आणि माझं इंग्रजी बेताचं आहे, रेडिओवर बोलायला चालेल का?

मित्रा,

आधी आकडा बघ, म्हणजे घरच्यांशी बोलताना पाय जमिनीवर राहतील. नॅसकारच्या सर्वांत वरच्या कप मालिकेत 36 चार्टर आहेत, म्हणजे दर शर्यतीत जागा पक्की असलेल्या 36 गाड्या. प्रत्येक गाडीला एक क्रू चीफ, म्हणजे गाडीची जुळणी आणि शर्यतीतला डाव ठरवणारा प्रमुख. त्याखाली ओ'रायली मालिका (2025 पर्यंत तिचं नाव एक्सफिनिटी होतं) आणि ट्रक मालिका. तिन्ही मिळून शंभरच्या आसपास खुर्च्या भरतील, आणि प्रत्येक खुर्चीमागे पाच-सात वर्षं वाट बघणारे इंजिनिअर आणि कार चीफ (क्रू चीफच्या हाताखालचे मुख्य मेकॅनिक) उभे आहेत. त्यामुळे 'क्रू चीफ व्हायचंय' हे मनात ठेव, पण योजना आखायची ती 'रेस इंजिनिअर व्हायचंय' अशी आख. ती नोकरी मिळवता येते, आणि भारतीय पासपोर्टवर वरच्या खुर्चीकडे जाणारी वाटही जवळपास तेवढीच आहे.

त्याचं कारण व्हिसा. एकेकाळी मेकॅनिक म्हणून शिरायचं, टायर बदलायचे, कार चीफ व्हायचं आणि मग क्रू चीफ, हाच राजमार्ग होता. ड्रायव्हर जिमी जॉन्सनला सात विजेतेपदं मिळवून देणारा चॅड नाऊस टायर बदलत वर आला. रे एव्हरनॅम मॉडिफाइड गाड्या चालवत आणि दुरुस्त करत जेफ गॉर्डन या ड्रायव्हरच्या क्रू चीफपदापर्यंत पोचला. हे लोक तिथल्या मातीतले, त्यांना कामाचा परवाना लागत नव्हता. तुला लागेल. एच-1बी व्हिसा अशाच कामासाठी मिळतो, ज्याला त्या विषयातली पदवी लागते. रेस इंजिनिअर त्यात बसतो, गॅरेजमधला मेकॅनिक बसत नाही. मेकॅनिकचा कोर्स वाईट नाही, मूर्सव्हिलची नॅसकार टेक्निकल इन्स्टिट्यूट नावाजलेली आहे. पण तुझ्या बाबतीत कोर्स संपल्यावर पुढचं दार बंद. पैसे तेवढे जातील.

एमएस केलंस तर पदवीनंतर ओपीटीचे (विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीचे) 12 महिने मिळतात, आणि एसटीईएम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचा, विषय असल्यामुळे आणखी 24. पण वाढीव 24 महिन्यांसाठी नोकरी देणारी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली असावी लागते आणि तिला आय-983 हा प्रशिक्षणाचा आराखडा सही करून द्यावा लागतो. मोठ्या टीमच्या एचआरला हे माहीत असतं. चार माणसांच्या छोट्या टीमला बहुतेक वेळा पहिल्यांदाच ऐकायला मिळतं, तेव्हा मुलाखतीतच विचार. या तीन वर्षांत एच-1बीच्या लॉटरीला जितक्या वेळा बसता येईल तितक्या वेळा बस. आणखी एक : सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्यांच्या नव्या एच-1बी अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. पुण्यात बसून थेट टीमला अर्ज करायचा विचार त्यामुळे जवळपास निकालात निघाला. नियम सारखे बदलतात, म्हणून अर्ज करायच्या आधी यूएससीआयएसचं (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं) संकेतस्थळ स्वतः वाच. एजंटाच्या भरवशावर राहू नकोस.

कुठे शिकायचं? टीम जिथे आहेत तिथे. नॅसकारचं मुख्यालय फ्लोरिडात डेटोना बीचला असलं तरी धंदा सगळा नॉर्थ कॅरोलायनात शार्लटच्या आजूबाजूला आहे. हेंड्रिकची टीम कॉनकॉर्डला, जो गिब्स हंटर्सव्हिलला, पेन्स्के मूर्सव्हिलला. सरकता पट्टा असलेला विंडशिअरचा वारा-बोगदाही (विंड टनेल) कॉनकॉर्डलाच. यूएनसी शार्लटमध्ये मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम आहे, आणि तिथल्या प्रयोगशाळेला अॅलन कुलविकीचं नाव आहे. कुलविकी हा ड्रायव्हर स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर होता, स्वतःची टीम चालवायचा आणि 1992 चा कप विजेता ठरला. पण पदवीवर 'मोटरस्पोर्ट्स' लिहिलेलं असावं असा हट्ट धरू नकोस. मेकॅनिकलमध्ये एमएस, त्यात व्हेइकल डायनॅमिक्स (गाडीच्या हालचालीचं शास्त्र), आणि टायर मॉडेल किंवा सस्पेन्शनच्या सिम्युलेशनवर थीसिस, हे जास्त चालतं. रेसिंगमध्ये नाही जमलं तर मोटार कंपनीत तरी दार उघडं राहतं. शिक्षणकर्ज काढून जाणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

घरचे इथे नोकरी धर म्हणतात, तर त्यात तथ्य आहे. एक-दोन वर्षं व्हेइकल डायनॅमिक्स, टायर टेस्टिंग किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीत चाचणी विभागात काढलीस तर प्रवेशालाही उपयोग होतो आणि कर्जही हलकं होतं. पाच वर्षं मात्र थांबू नकोस. टीममध्ये खालून सुरुवात करायची तर वय आणि घरची जबाबदारी दोन्ही आड येतात. गुण मिळणाऱ्या 36 शर्यती, फेब्रुवारी ते नोव्हेंबर, जवळपास दर शनिवार-रविवार घराबाहेर.

आता या कामात नेमकं काय असतं ते. टीव्हीवर दिसतो तो पिट बॉक्सवर (टायर-इंधनासाठी गाडी थांबते तिथल्या मचाणावर) हेडफोन लावून बसलेला माणूस. ते कामाचं शेपूट. खरं काम सोमवारपासून. 2022 पासूनची नेक्स्ट जेन गाडी बघ : चासी, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे भाग, चाकं, सगळं ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचं. पूर्वी क्रू चीफ वर्कशॉपमध्ये स्वतःचा भाग घडवून अर्धा दशांश सेकंद मिळवायचा, ते बंद झालं. भागाला हात लावलास तर काय होतं त्याचं उदाहरण : 2023 मध्ये फिनिक्सला हेंड्रिकच्या चार गाड्यांच्या बॉनेटवरचे हवेचे झरोके नॅसकारने जप्त केले. चारही क्रू चीफना प्रत्येकी 1 लाख डॉलर दंड आणि चार शर्यतींची बंदी. अपिलात गुण परत मिळाले, दंड आणि बंदी कायम राहिली. भाग कुणीही घासलेला असो, नाव क्रू चीफचं जातं. लेथवर वाढलेल्या मुलाला हे जरा जड जाईल, कारण आपल्याकडे भाग बसत नसेल तर तो 'बसवतात'. तिथे भाग मापात नसेल तर तो परत पाठवायचा.

मग फरक कुठे पडतो? उंची, कॅम्बर (चाकाचा उभा कल), टो (चाकांचा आत-बाहेरचा रोख), स्प्रिंग, शॉकची सेटिंग, टायरची हवा, वजनाची वाटणी यांच्या जुळणीत. सरावाला बहुतेक ठिकाणी 20-25 मिनिटंच मिळतात, त्यामुळे नव्वद टक्के सेटअप ट्रकमध्ये गाडी चढवण्याआधीच ठरलेला असतो, आणि तो ठरतो सिम्युलेशनमध्ये. म्हणून आज टीमना इंजिनिअर लागतात. 2021 आणि 2025 मध्ये ड्रायव्हर काइल लार्सनसोबत विजेता ठरलेला क्लिफ डॅनियल्स हा आधी 48 नंबरच्या गाडीचा रेस इंजिनिअर होता, 2019 मध्ये त्याच गाडीचा क्रू चीफ झाला. 2017 मध्ये ड्रायव्हर मार्टिन ट्रूएक्सला विजेतेपद जिंकवणारा कोल पर्न हा कॅनडाचा मेकॅनिकल इंजिनिअर. परदेशी माणूस त्या खुर्चीवर बसू शकतो याचं हे उदाहरण, फक्त कॅनडा शेजारी आहे हे विसरायचं नाही.

तू सस्पेन्शन बघतोस, तर एक गोष्ट आत्ताच हाताखालून घाल : चार चाकांवरचं वजन. भारतात शर्यतींचा ओव्हल, म्हणजे अंडाकृती, ट्रॅक नाही, त्यामुळे आपल्या मुलांना डावी-उजवी बाजू सारखी ठेवायची सवय असते. ओव्हलवर गाडी फक्त डावीकडे वळते आणि सगळा खेळ तिरप्या वजनाचा असतो, ज्याला ते क्रॉसवेट किंवा वेज म्हणतात : पुढचं उजवं अधिक मागचं डावं, भागिले एकूण वजन. बाहाची गाडी ड्रायव्हरसकट अडीचशे किलोच्या आसपास भरते, त्यामुळे 150 किलोचे बाथरूममधले चार डिजिटल काटे पुरतात. आधी एकच सिमेंटची गोणी चारही काट्यांवर आळीपाळीने ठेवून बघ. काटे आपसांत अर्ध्या किलोहून जास्त भांडत असतील तर फरक लिहून ठेव आणि नंतर वजा कर.

काट्यांखालची जागा समपातळीत हवी. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही काट्यांची उंची जुळव, कमी असेल तिथे पत्र्याच्या शिम घाल. एका कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असला तरी आकडे फसवतात, आणि वर्कशॉपची फरशी दिसते तेवढी सपाट कधीच नसते. टायरची हवा शर्यतीला असते तेवढी भर. इंधन किती आहे ते लिही. ड्रायव्हर स्वतः बसव, किंवा त्याच्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेव. अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी सळई) असेल तर एका टोकाला सोडव. तो जोडलेला राहिला तर त्याचा पीळ वजनात मिसळतो आणि तू स्प्रिंगला शिव्या देत बसतोस. गाडी जॅकवरून उतरवली की चाकं आडवी अडकून बसतात, म्हणून प्रत्येक चाकाखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेव, गाडी पुढून-मागून दाबून हलव आणि मगच वाच. तीनदा वाचन घे. तिन्ही जुळत नसतील तर कुठेतरी काहीतरी अडकलंय.

समजा आकडे आले : पुढचं डावं 60, पुढचं उजवं 58, मागचं डावं 72, मागचं उजवं 70. एकूण 260, तिरपं 130, म्हणजे बरोबर 50 टक्के. आता मागच्या डाव्या स्प्रिंगचा कॉलर फिरवून तो कोपरा उचल. होईल काहीसं असं : 58, 60, 74, 68. तिरपं वजन 134, म्हणजे 51.5 टक्के. पण डाव्या बाजूची बेरीज बघ, आधीही 132 होती, आताही 132. मागची बेरीज 142 च्या 142. स्प्रिंग फिरवून डावं-उजवं किंवा पुढचं-मागचं वजन बदलत नाही, फक्त तिरपं बदलतं. ते दुसरं बदलायचं तर बॅटरी, सीट किंवा वजनाची पट्टी प्रत्यक्ष हलवावी लागते. मुलाखतीत हा प्रश्न येतो, आणि चांगल्या मार्कांची मुलं इथे अडखळतात.

तिरपं वजन वाढलं की डाव्या वळणात गाडी टाइट होते, म्हणजे पुढची चाकं वळायला मागत नाहीत. कमी केलं की लूज, म्हणजे मागची बाजू निसटते. पिट स्टॉपमध्ये मागच्या काचेजवळच्या भोकातून लांब पाना घालून फिरवताना दिसतात, ते हेच. आता ड्रायव्हर रेडिओवर म्हणतो, 'वळणातून बाहेर पडताना लूज आहे.' नवखा इंजिनिअर लगेच वेज वाढवतो आणि गाडी आणखी बिघडते. कारण बऱ्याचदा मूळ दुखणं वळणाच्या मध्यावर टाइट असण्याचं असतं : गाडी वळत नाही म्हणून ड्रायव्हर स्टिअरिंग जास्त पिळतो, पुढच्या टायरना अचानक पकड मिळते आणि बाहेर पडताना मागचं निसटतं. त्याच्यासाठी मधला टाइटपणा काढायला हवा. म्हणून आधी विचारायचं : आत शिरताना काय, मध्यावर काय, बाहेर पडताना काय, आणि आधी कुठलं. मग स्टिअरिंगचा आलेख उघडून त्याचं म्हणणं ताडून बघायचं. ड्रायव्हर खोटं बोलत नाही, पण त्याला जाणवतो तो परिणाम.

शर्यतीतला दुसरा मोठा हिशेब इंधनाचा. टाकी 20 गॅलनची. दीड मैलाच्या ट्रॅकवर गाडी गॅलनला साडेचार मैल देते असं धर : 90 मैल, म्हणजे 60 फेऱ्या. गॅलनला फक्त 0.1 मैलाची चूक झाली तर 2 मैल इकडे-तिकडे, म्हणजे एका फेरीहून जास्त, आणि गाडी शेवटच्या वळणावर बंद. शिवाय टाकी पूर्ण भरली हे गृहीत धरता येत नाही. एका कॅनमध्ये 11 गॅलन मावतात, म्हणजे रिकामी टाकी भरायला दोन कॅन. नेक्स्ट जेनमध्ये चाकाला एकच नट असल्यामुळे चार टायर नऊ ते अकरा सेकंदांत होतात, आणि पुष्कळदा टायर झाले तरी इंधन व्हायचं असतं. जॅक खाली आला की ड्रायव्हर सुटतो. म्हणून स्टॉप संपल्यावर रिकामा कॅन वजन करतात : किती उरलं त्यावरून किती आत गेलं ते कळतं. अनुभवी क्रू चीफ या आकड्यावर अडून बसतो, कारण शेवटच्या तीस फेऱ्यांचा सगळा डाव त्यावर उभा असतो.

टायर कधी बदलायचे याला मात्र सूत्र नाही. डार्लिंग्टनसारख्या खरखरीत ट्रॅकवर टायर झपाट्याने झिजतात. समजा दर फेरीला 0.06 सेकंद जातात, तर 30 फेऱ्यांनंतर नव्या टायरवाला तुझ्यापेक्षा दर फेरीला 1.8 सेकंद वेगवान. तो दोन फेऱ्या आधी आत गेला की जवळपास साडेतीन सेकंद घेऊन जातो. मग सगळेच आधी का जात नाहीत? कारण तू आत जाऊन बाहेर पडलास, एक फेरी मागे पडलास, आणि त्याच क्षणी पिवळा झेंडा (अपघात वगैरे झाल्यावर सगळ्यांना संथ चालवायला लावणारा) आला, तर बाहेर राहिलेले संथ फेऱ्यांत आरामात टायर बदलतात आणि तू अडकतोस. हा निर्णय घ्यायला चार-पाच सेकंद असतात. बुद्धिबळात घड्याळ लावून खेळतात तसं, फक्त समोर एक नाही, 35 जण.

याचा सराव घरबसल्या होतो. जुनी पूर्ण शर्यत लाव, वहीत चार रकाने पाड : फेरी, आघाडीची वेळ, कोण आत गेलं, तू काय केलं असतंस. पिवळा झेंडा दिसला की थांबव, निर्णय आणि कारण लिही, मग पुढे बघ. सोबत पायथॉन शीक, फेरीच्या वेळांवरून टायरची घसरण काढणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिही. असं तयार काम दाखवणारा अर्ज वाचला जातो. 'रेसिंगची प्रचंड आवड' असं लिहिलेले अर्ज ढिगाने येतात.

तिकडे गेल्यावर शनिवारी छोट्या ओव्हलवर जा. हिकरीसारख्या ट्रॅकवर लेट मॉडेल गाड्यांच्या (स्थानिक शर्यतींतल्या स्टॉक कारच्या) टीम असतात, त्यांना हात हवेच असतात. पण इथे सावध राहा. विद्यार्थी व्हिसावर रोख पैशात काम करणं म्हणजे पायावर धोंडा, आणि 'फुकट मदत' हीसुद्धा काही वेळा बेकायदा काम ठरू शकते. आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचार, शक्य असेल तर सीपीटीत (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीत) बसवून घे. टीममध्ये भरती मुख्यतः हंगाम संपताना, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये हलते, त्यामुळे पदवी डिसेंबरात संपेल असं वेळापत्रक जमलं तर बरं.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही : क्रू चीफचं बरंचसं काम माणसं सांभाळण्याचं आहे. कार चीफ, दोन-तीन इंजिनिअर, मेकॅनिक, टायरवाला, स्पॉटर (उंचावरून ट्रॅक बघून ड्रायव्हरला सांगणारा), आणि भिंतीवरून उडी मारणारे पाच जण, जे बहुतेक कॉलेजातले खेळाडू असतात आणि वेगळ्या प्रशिक्षकाकडे तयार होतात. बाहाच्या टीममध्ये रात्री दोनला वेल्डिंग सुटलं की तू ओरडतोस की पुढचं काम वाटून देतोस, याकडे जरा लक्ष ठेव. सलग काही शर्यती वाईट गेल्या की ड्रायव्हर बदलण्याआधी क्रू चीफ बदलतात, हेही आईवडिलांना आत्ताच सांगून टाक.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. रेडिओवर साहित्य बोलायचं नसतं. नॅसकारच्या अॅपवर शर्यत चालू असताना गाड्यांचा रेडिओ ऐकता येतो. एकच गाडी धर आणि पूर्ण शर्यत ऐक. पहिल्या दोन-तीन शर्यती त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उच्चारातलं निम्मं डोक्यावरून जाईल, मग कान बसतो. बोलण्याचा क्रम ठरलेला असतो : कुठलं चाक, काय, किती, कधी. 'राइट रिअर, हवा, एक पौंड खाली, पुढच्या स्टॉपला.' बाहाच्या चाचणीला स्वस्तातले दोन वॉकी-टॉकी घ्या आणि ड्रायव्हरशी याच क्रमाने बोलायची सवय लाव. त्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवलं नाही, तर ते त्याला कळलेलं नाही असं धर आणि पुन्हा सांग.